अमेरिकेतला जुना रेल्वे डेपो कसा बघायचा

अमेरिकेतले आपले बरेच लोक रोड ट्रिपला जातात आणि छोट्या गावातला जुना डेपो, म्हणजे तिकडचं रेल्वे स्टेशन, दिसला की बाहेरून फोटो काढून पुढे निघतात. प्लीज तसं करू नका, १९००-१९२० च्या सुमाराला अख्ख्या गावाचा जगाशी संबंध या एका इमारतीतून यायचा.

आधी वळसा घालून रुळांच्या बाजूला जा. तिथे बहुतेक वेळा एक खिडकी भिंतीच्या बाहेर आलेली दिसेल, ती एजंटची, बसल्या जागेवरून दोन्हीकडची लाइन दिसावी म्हणून तशी केलेली. हा माणूस तिकिटं द्यायचा, मालाच्या पावत्या करायचा, आणि छोट्या गावात तारेचं कामही तोच बघायचा. गाडीने पुढे कुठे थांबायचं, कोणाला आधी सोडायचं याचा हुकूम तारेने आला की तो पातळ कागदावर लिहून घ्यायचा, लांब काठीला अडकवून धावत्या गाडीजवळ धरायचा आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून तो घ्यायचा. सिंगल लाइन, त्यामुळे हुकमात चूक झाली की दोन गाड्या समोरासमोर! निवडणुकीचा निकाल असो की कोणी गेल्याची बातमी, पहिल्यांदा कळायची ती इथेच.

मग एका टोकाला मोठे दरवाजे शोधा, ती मालाची खोली, तिची जमीन उंच असते कारण ती मालडब्याच्या तळाशी लेव्हल ठेवायची. क्रीमचे कॅन इथून शहराकडे जायचे आणि कॅटलॉगमधून मागवलेलं सामान इथे उतरायचं, १९०८ पासून तर सिअर्स ही कॅटलॉगमधून माल विकणारी कंपनी अख्खं घर विकायची, सगळं लाकूड-सामान मालडब्यात भरून.

दक्षिणेतला डेपो असेल तर वेटिंग रूम किती आहेत ते नक्की बघा. दोन असतील तर बहुतेक एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने या वेगळेपणाला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा शिक्का मिळाला होता, आणि १९१० नंतर अशाच वेटिंग रूममधून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण सोडून कायमची शिकागोकडे, डेट्रॉइटकडे निघाली. मधली भिंत आता पाडलेली असेल तर तिथल्या लोकांना मुद्दाम विचारा, ही गोष्ट पाटीवर नसली तरी कळलीच पाहिजे.

जायच्या आधी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्या गावाचे सॅनबॉर्न नकाशे मिळतात का बघा, फ्री आहेत, आगीच्या विम्यासाठी काढलेले, गुलाबी म्हणजे विटा, पिवळं म्हणजे लाकूड. डेपोशेजारी धान्याची कोठारं आहेत की लाकडाच्या वखारी, त्यावरून गाव कशावर चालायचं ते कळतं. आणि लाइन चालू असेल तर रुळांवर अजिबात जाऊ नका.