मारहाणीचा गुन्हा दाखल झाला तर काय करावे? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शन

"साहेब, पहिला हात त्याने उचलला." मारहाणीच्या केसमध्ये अडकलेला माणूस वकिलासमोर बसला की बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कोर्टात नुसतं खरं असून भागत नाही, ते पुराव्यात उतरावं लागतं. आणि मारहाणीतला पुरावा फार लवकर जातो. सूज उतरते, सीसीटीव्हीवर नवं रेकॉर्डिंग चढतं, सगळं पाहिलेला वॉचमन नोकरी सोडून गावी जातो. म्हणून इथे पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण घेऊ. बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली, एकाचा ओठ फुटला, दुसऱ्याच्या बोटाचं हाड मोडलं. ज्याचं बोट मोडलं तो आधी पोलीस स्टेशनला पोचला. ओठ फुटलेले तुम्ही.

आधी स्वतःची तपासणी करून घ्या

लोक इथेच चुकतात. "मला काय, जरासं खरचटलंय" म्हणून घरी हळद लावून बसतात. मग कोर्टासमोर एकाच बाजूची जखम येते आणि तुम्ही हल्लेखोर ठरता. तुम्हालाही मार लागला असेल तर तुमचीही तक्रार द्या आणि मेडिकलसाठी पोलिसांकडून पत्र मागा. पोलीस सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पाठवतात. ठाण्यात सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. पोलिसांनी टाळाटाळ केली तरी थेट जा आणि मार कसा लागला ते डॉक्टरांना सांगा. अशी केस ते मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांशी संबंधित केस म्हणून नोंदवतात.

त्या कागदावर काय लिहिलं जातं, याकडे नीट लक्ष द्या. जखम कुठे आहे, किती सेंटिमीटरची आहे, किती तासांपूर्वीची आहे, बोथट वस्तूने झाली की धारदार, साधी की गंभीर, हे सगळं त्यात येतं. पुढे कलम त्यावरूनच ठरतं. शिवाय १९७६ साली लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही तर त्यांच्या कहाणीवर शंका घ्यायला जागा होते. किरकोळ ओरखड्यांना हे लागू होईलच असं नाही. पण जखमेची नोंदच नसेल तर हा मुद्दा मांडताच येत नाही.

कलम कोणतं लागलं ते समजून घ्या

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिताच लागते.

साधी दुखापत म्हणजे कलम ११५(२). शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. गंभीर दुखापत म्हणजे कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात, पण जामीनपात्र. "गंभीर" शब्दाने घाबरू नका, कायद्याने त्याची यादी ठरवून दिली आहे. हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, दृष्टी किंवा श्रवण कायमचं जाणं, पंधरा दिवस तीव्र वेदना राहणं किंवा तितके दिवस नेहमीची कामं न करता येणं, वगैरे. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. म्हणजे आपल्या उदाहरणातलं मोडलेलं बोटही गंभीर दुखापतच.

खरी अडचण कलम ११८ ला होते. हत्यार किंवा हत्यारासारखी वापरलेली वस्तू असली की हे कलम लागतं आणि ते अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. त्यामुळे एफआयआरमध्ये "लोखंडी रॉड" किंवा "बॅट" हे शब्द आले की केसचं वजनच बदलतं. रॉड पोलिसांनी जप्त केला का, पंचनाम्यात आहे का, डॉक्टरांनी लिहिलेली जखम रॉडच्या फटक्याशी जुळते का, हे तुमच्या वकिलाने पहिल्याच दिवशी पाहायला हवं. समोर पोलीस किंवा दुसरा सरकारी नोकर कर्तव्यावर असेल तर कलम १३२, स्त्रीच्या विनयभंगाचा आरोप असेल तर कलम ७४ लागतं. दोन्ही अजामीनपात्र आहेत.

एफआयआरची प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ती उतरवून घेता येते.

सीसीटीव्ही आणि साक्षीदार

सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) जुनं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात तारीख, वेळ व कोणत्या कॅमेऱ्याचं फुटेज हवं ते लिहा. तपास अधिकाऱ्यालाही "हे फुटेज ताब्यात घ्यावे" असा अर्ज द्या. त्यांनी दुर्लक्ष केलं तर वकील कोर्टाकडून ते जपून ठेवण्याचा आदेश मागू शकतात. मोबाइलवर काढलेली क्लिप पुरावा म्हणून चालते, पण सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन बदलू नका, क्लिप कापू-छाटू नका. फुटेज तुमच्या विरोधात जात असेल तरी पुसून टाकू नका, कारण पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो चिकटला की मूळ केससुद्धा बिघडते.

भाजीवाला, रिक्षावाला, शेजारच्या काकू, ज्यांनी पाहिलं त्यांची नावं लिहून ठेवा. त्यांना काय बोलायचं ते मात्र शिकवू नका. तक्रारदाराला फोन नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवर खुलासा नको. रागात टाकलेला एक मेसेज पुढे धमकीचा पुरावा होतो.

पोलिसांकडून बोलावणं आलं तर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे सक्तीने पाळायला लावलं आहे. नोटीस आली की जा. न जाणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं. जाताना वकिलांना कळवा आणि नोटिसीची प्रत जपा.

चौकशीत स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही, संविधानाच्या कलम २०(३) ने हा हक्क दिला आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, त्यामुळे कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करूच नका. अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, डॉक्टरांकडून तपासणी करणं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीत मार लागला असेल तर मॅजिस्ट्रेटनी विचारल्यावर गप्प राहू नका.

जामीनपात्र गुन्ह्यात पोलीस स्टेशनलाच टेबल जामीन मिळतो, तो तुमचा हक्क आहे. अजामीनपात्र कलम असेल आणि अटकेची भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागतो. इथे एक गोष्ट नवी मुंबईकरांनी ध्यानात ठेवावी. खारघर, कामोठे, पनवेल हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात असला तरी जिल्हा रायगड आहे, त्यामुळे तिथली केस पनवेल कोर्टात जाते. वाशी-नेरूळची बेलापूरला. घाईत वकील ठाण्याला पाठवला आणि अर्ज पनवेलला करायचा होता, असं झालं की कोठडीतल्या माणसाचा दिवस वाया जातो. जामीनदाराचं आधारकार्ड, रेशनकार्ड, पगाराची स्लिप आधीच गोळा करून ठेवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या कुणालाही, तसंच स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

बचाव कोणता घ्यायचा

वकिलाला सगळं खरं सांगा, स्वतःची चूक धरून. अर्धं लपवलेलं उलटतपासणीत बाहेर येतं.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी बळ वापरलं तर तो गुन्हा नाही, पण त्याला मर्यादा आहेत. धोका टाळायला लागेल तितकंच बळ, आणि धोका असेपर्यंतच. तो तुमची कॉलर धरून ठोसे मारत असताना तुम्ही त्याला ढकललंत आणि त्यात त्याचं बोट मोडलं, हा बचाव. तो पळाल्यावर जिन्यापर्यंत पाठलाग करून मारलंत, तर तो बचाव राहत नाही. स्वसंरक्षण होतं हे तुम्हाला निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, ते संभवनीय आहे इतकं दाखवलं तरी पुरतं. तुम्ही तिथे नव्हताच, असा बचाव असेल तर त्या वेळी कुठे होतात याचा पक्का पुरावा लागतो. दोन्ही बचाव एकदम घेता येत नाहीत.

आरोपपत्र आल्यावर कागदपत्रं मोफत मिळतात. पुरावा मुळातच तोकडा असेल तर ती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सोडून देण्याचा अर्ज करता येतो. ही मुदत नवीन कायद्याने आली आहे, ती चुकवू नका.

दोघे शेजारी असाल आणि राग निवला असेल तर तडजोडीचा विचार जरूर करा. ११५(२) मध्ये जखमी व्यक्ती स्वतः तडजोड करू शकते, ११७(२) ला कोर्टाची परवानगी लागते. त्याहून जड कलम असेल तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची याचिका करतात. ती मंजूर करायची की नाही हे न्यायालय ठरवतं. तडजोड तोंडी ठेवू नका. "मागे घेतो" म्हणालेला तक्रारदार कोर्टात आलाच नाही तर केस तशीच पडून राहते आणि तारखा तुम्हीच करत बसता.

केस चालू असताना पासपोर्ट काढायचा असेल तर त्या कोर्टाची परवानगी घ्या आणि अर्जात केस लपवू नका. निकाल लागला की त्याची प्रमाणित प्रत काढून घ्या. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत जुनी नोंद वर आली तर तीच दाखवावी लागते.