घोटा वारंवार मुरगळतो? पावलाचा भार कुठे पडतो ते असं पाहा

घोटा मुरगळल्याला वर्ष उलटलं, सूज केव्हाच उतरली, तरी तो अधूनमधून दगा देतोच. अशा सैल घोट्याचं पाऊल टेकतानाच किंचित आत वळलेलं असतं. मग भार टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरच्या काठाने जातो आणि अंगठ्याखालचा उंचवटा नीट टेकतच नाही. काठावर चालणाऱ्या पावलाला पुन्हा मुरगळायला एक खडा पुरतो.

आधी रोजच्या चपला पालथ्या करून पाहा. टाचेची मागची बाहेरची कड बहुतेकांची झिजते, ती सोडून द्या. झीज तिथून करंगळीपर्यंत गेलेली असेल, तीही मुरगळणाऱ्या पायाचीच, तर लक्ष द्या. मग तळवे ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर नेहमीच्या चालीने पाच-सहा पावलं टाका. सोलापूरच्या उन्हाळ्यात ठसा बघता बघता वाळतो, म्हणून लगेच खडूने कडा आखा. ठशावरून दाब मोजता येत नाही, दोन पायांतला फरक तेवढा कळतो.

आता बळ. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू पाऊल बाहेर वळवतात. त्यातला लांब स्नायू तळव्याखालून जाऊन अंगठ्याचा उंचवटा जमिनीला दाबून धरतो, म्हणून मेहनत इथेच घ्यायची. खुर्चीत बसा, रबर बँड आतल्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधून चवड्यात अडकवा. पाऊल बाहेर वळवा, तीन मोजत सावकाश परत आणा. 12 वेळा, 3 फेऱ्या. गुडघाही सोबत फिरत असेल तर घोट्याला व्यायाम होतच नाही. गुडघा हाताने धरून ठेवा.

नंतर भिंतीजवळ त्याच पायावर 30 सेकंद उभं राहा, तीनदा. टाच, अंगठ्याचा आणि करंगळीचा उंचवटा, तिन्ही टेकलेले हवेत. बोटांनी फरशी आवळू नका. सहज जमू लागलं की पायाखाली घडी घातलेली सोलापुरी चादर घ्या.

तोल सुधारला की चाल आपोआप सुधारते, असं मात्र नाही. ती वेगळी शिकवावी लागते आणि नेमकं हेच राहून जातं. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला जात असाल तर पहिली दहा मिनिटं त्यासाठी ठेवा: पावलं आखूड, आधी टाच, आणि जमीन सोडताना शेवटचा रेटा अंगठ्याचा. गुडघा आत झुकू लागला तर जोर जास्त होतोय.

आठवड्यातून चार दिवस, निदान सहा आठवडे करा. मग पुन्हा ठसा घ्या. मध्येच नव्याने मुरगळून चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर कळ येत असेल, तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या.