घोडेस्वारीच्या शाळेतली जुनी शिकवण कशी बदलावी

आपल्याकडे घोडेस्वारी शिकवण्याची पद्धत लष्करी रिसाल्यातून आली. मधोमध उभा उस्ताद, भोवती रिंगणात फिरणारी तुकडी, मोठ्या आवाजातले हुकूम. तिथे घोडा आधीच नीट तयार केलेला असे, त्यामुळे स्वाराच्या चुका तो सांभाळून घेई. मुंबईतल्या शाळांत मात्र शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे घोडे) बरेच असतात. धावताना जॉकी लगामावर भार ठेवतो, म्हणून लगाम ताणला की थांबायचं, हे अशा घोड्याच्या अंगवळणी नसतं. तो त्या ताणावर रेलून आणखी वेग घेतो. त्याच्यावर घाबरलेला नवशिका बसवून ‘टाच मार, लगाम खेच’ असं ओरडलं की घोड्याला एकाच वेळी पळ आणि थांब असे दोन्ही हुकूम मिळतात. मग तो मान उडवतो, मान उडवली म्हणून नोजबँड (नाकाभोवतीचा पट्टा) आवळला जातो, पुढे मार्टिंगेल (मान वर जाऊ न देणारा पट्टा) येतं, मग कडक बिट (तोंडात बसणारी, लगाम जोडलेली पट्टी). हे सगळे उपाय शिकवण्यातली चूक घोड्याच्या तोंडावर ढकलतात.

बदलाची सुरुवात ‘ढील’, म्हणजे दिलेला दाब वेळेवर सोडणं, शिकवण्यापासून करा. आपलं उत्तर बरोबर आलं, हे घोड्याला दाब सुटतो त्या क्षणी कळतं. पायाचा हलका दाब दिला आणि त्याने पहिलं पाऊल टाकलं, की त्याच क्षणी पाय सैल. तो निघालाच नाही तर दाब थोडा वाढवायचा, मग पायामागे चाबकाचा हलका स्पर्श, आणि पाऊल पडताच सगळं बंद. ढील दोन-तीन सेकंद उशिरा मिळाली तर घोडा तिचा संबंध भलत्याच हालचालीशी जोडतो. ढील मिळालीच नाही तर तो पायाकडे लक्ष देणं सोडून देतो. टाचा मारून मारून ‘मठ्ठ’ झालेला घोडा असाच तयार होतो.

हे आधी जमिनीवर शिकवा, घोड्याला त्रास न देता. दोन विद्यार्थी एकामागे एक उभे करा. पुढच्याने लगामाची बिटाकडची टोकं धरून डोळे मिटायचे, दुसऱ्याने मागून लगाम हळूच घ्यायचा. पुढच्याला स्पर्श जाणवला की त्याने एक पाऊल मागे यायचं, आणि मागच्याने लगेच बोटं उघडायची. मग जोडी उलट करायची. दहा मिनिटांत प्रत्येकाला स्वतःचा हात किती जड आहे ते समजतं. शंभर वेळा ‘हात हलका ठेव’ सांगून हे साधत नाही.

पहिले काही धडे लंजच्या दोरीवर, म्हणजे शिक्षक मधोमध उभा राहून घोड्याला ज्या लांब दोरीने वर्तुळात फिरवतो तिच्यावर, घ्या आणि विद्यार्थ्याच्या हातात लगाम देऊच नका. घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा जुना पट्टा बांधा. तोल गेला की विद्यार्थी तो धरेल आणि तोंडाला हिसका बसणार नाही. वर्तुळ १५ ते २० मीटर व्यासाचं असावं, त्याहून लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. दर पाच मिनिटांनी दिशा बदला आणि २० मिनिटांत थांबा. पालक विचारतील, ‘मुलगा कॅंटर (संथ दौड) कधी करणार?’ त्यांना कारण सांगा, तारीख देऊ नका.

साज चढवून झाला की नोजबँड शिक्षकाने स्वतः तपासावा. नाकाच्या हाडावर, अगदी मधोमध, मोठ्या माणसाची दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. गालाकडून तपासलं तर तिथला भाग मऊ असल्याने पट्टा सैल वाटतो आणि फसगत होते. वजनाचा नियमही फलकावर लिहून ठेवा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो. ही वरची मर्यादा. तोल न सांभाळता येणारा स्वार वजनापेक्षा जड पडतो, म्हणून नवशिक्यांसाठी ती आणखी खाली आणा.

सईसाचं, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याचं, स्थान बदलल्याशिवाय बाकीचे बदल टिकत नाहीत. खरारा करताना, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करताना, पायाची सूज, तंगाखालची (खोगीर आवळण्याच्या पट्ट्याखालची) जखम, उरलेला दाणा त्यालाच आधी दिसतो. पण बॅचची यादी ऑफिसात बनते आणि त्याला कोणी विचारत नाही. ‘आज हा घोडा नको’ असं सईस म्हणाला तर घोडा पागेतच राहील, हा लेखी नियम करा. विद्यार्थ्यांनी त्याला दादा किंवा काका म्हणावं, खरारा त्याच्याकडूनच शिकावा. तयार घोडा हातात घ्यायचा आणि उतरल्यावर लगाम त्याच्याकडे फेकून निघून जायचं, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडायला हवी.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी आठच्या आत बॅच संपवा. घोड्याचं तापमान एरवी ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. साध्या धड्यानंतर ते ३९.५ च्या वर गेलं तर त्या दिवशी त्याला पुन्हा काम देऊ नये. सावलीत, वाऱ्याला उभं करून अंगभर पाणी ओतत राहा. तापलेल्या घोड्यावर गार पाणी घातलं की स्नायू आखडतात, हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी घोडे विनाकारण तापत राहतात.

‘पडलास तर लगेच परत चढ’ ही रीतही बंद करा. आधी डोकं दुखतं का, गरगरतं का, मळमळतं का, ते विचारा. शंका असेल तर त्या दिवशी स्वारी नाही, डॉक्टरकडे पाठवा. डोकं आपटलं असेल तर हेल्मेटही बदलावं लागतं. आतला फोम दबलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

जुन्या शिक्षकांना भाषणाने पटत नाही. ‘आम्ही असेच शिकलो’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि बैठक पक्की करण्याची त्यांची हातोटी शाळेला हवीच आहे. म्हणून एक शिक्षक, दोन घोडे आणि तीन महिने एवढ्यापुरतंच सुरू करा. दर आठवड्याला रिंगणाच्या एका फेरीत विद्यार्थ्याला किती वेळा टाच द्यावी लागली, घोड्याने किती वेळा शेपूट झटकली किंवा मान उडवली, ते मोजून वहीत लिहा. मोजण्याचं काम त्या जुन्या उस्तादांनाच द्या. आकडे उतरले नाहीत तर आधी शिक्षक विद्यार्थ्याला ढील वेळेवर द्यायला लावतो का ते पाहा, मग घोड्याची पाठ, दात आणि खोगिराचं माप तपासून घ्या. दुखणाऱ्या घोड्यावर कुठलीच पद्धत चालत नाही.