लंडनची जुनी लाल बस आणि थेम्सवरची बोट: या चुका टाळा

मे महिन्यात भारतातून पाहुणे आले की आमच्या घरी लंडनचा पहिला दिवस ठरलेला असतो. सकाळी जुनी डबलडेकर, दुपारी बोटीने ग्रिनिच. आई-बाबा, आत्या, मामा-मामी, पुण्याचे जुने शेजारी, सगळ्यांना मी असंच फिरवलं आहे. या दिवसावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून तो कुणाचा बिघडला की मला वाईट वाटतं. आणि बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच त्या चार-सहा जागी.

बस चालते रस्त्यावरच्या गर्दीच्या चालीने आणि बोट चालते भरती-ओहोटीच्या पाण्यावर. ही दोन्ही घड्याळं आपल्या हातात नाहीत. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

"लाल डबलडेकर" एवढंच वाचून तिकीट काढणं

लंडनमध्ये लाल डबलडेकर तीन प्रकारच्या दिसतात. एक, रोजच्या शहर वाहतुकीच्या. दोन, उघड्या छताच्या पर्यटक बस, ज्यात ठरलेल्या कुठल्याही थांब्यावर चढता-उतरता येतं. तीन, खरी जुनी बस, म्हणजे राउटमास्टर. १९५४ ते १९६८ या काळात अशा २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. ड्रायव्हर पुढे आपल्या वेगळ्या छोट्या केबिनमध्ये, मागे उघडी पायरी, तिथे एक दांडा आणि पायरीवर उभा कंडक्टर. नेहमीच्या वाहतुकीतून त्या ९ डिसेंबर २००५ ला निघाल्या. शेवटचा मार्ग होता १५९ नंबरचा. आता त्या सहलींसाठी, चहापानाच्या फेऱ्यांसाठी आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी धावतात.

गोंधळ वाढतो तो २०१२ साली आलेल्या नव्या राउटमास्टरमुळे. ती गोलाकार काचांची, दिसायला छान, पण साठ वर्षांची म्हातारी ती नव्हे. तेव्हा तिकीट काढताना गाडीचा फोटो नीट पाहा आणि अटी वाचा. "आवश्यकता पडल्यास दुसरे वाहन देण्यात येईल" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मामा-मामींना एकदा जुन्या बसऐवजी साधी बंद कोच मिळाली. गाडी बिघडली होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण मामा बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या पुढच्या सीटवर बसून कॉलेजला गेलेले, आणि मुंबईतल्या जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यापासून त्यांच्या मनात या एकाच फेरीची आस होती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करून विचारते, "उद्या गाडी जुनीच आहे ना?"

जुनी मिळालीच, तर कंडक्टरच्या घंटेकडे कान ठेवा. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आपल्या एसटीची डबल बेल! मामांनी ती ऐकली त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुडघ्यांचा विचार न करणं

मागची पायरी रस्त्यापासून उंच आहे. वर जाणारा जिना वळणाचा आणि अरुंद. रॅम्प नाही, लिफ्ट नाही, स्वच्छतागृह नाही, एसी नाही. उन्हाळ्यात वरचा मजला चांगला तापतो. खिडकीची वरची काच खाली घेता येते, पण ती चालत्या गाडीतच कामाला येते. व्हीलचेअर लागत असेल तर आधी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. बाबागाडी घडी करूनच आत येते.

आईला मी खालच्याच मजल्यावर बसवते. तिला आधी वाटलं, आपलं काहीतरी हुकतंय. पण खालून दुकानांच्या काचा दिसतात, माणसं दिसतात आणि कंडक्टरशी गप्पा होतात. वरून इमारतींचे माथे दिसतात. बस मुक्कामाला उभी असतानाच वर चढा किंवा खाली उतरा, चालत्या गाडीत तो जिना मुळीच नको.

चहापानाच्या बसचं तिकीट असेल तर शाकाहार, अंडं आणि जिलेटिन या तिन्हींबद्दल आरक्षण करतानाच लिहून कळवा. गाडीत चढल्यावर बदल होत नाही, कारण स्वयंपाक दुसरीकडे झालेला असतो.

बस आणि बोट यांच्यात फक्त अर्धा तास ठेवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. नकाशावर ट्राफल्गर स्क्वेअर ते वेस्टमिन्स्टरचा धक्का चालत दहा-पंधरा मिनिटांवर दिसतो, म्हणून लोक अकराला संपणारी बस आणि साडेअकराची बोट असं जुळवतात. पण मध्य लंडनमध्ये एक मोर्चा किंवा एक खोदलेला रस्ता पुरतो. मी दोन्हींमध्ये किमान दीड तास ठेवते. वेळ उरलाच तर सेंट जेम्स पार्कात पेलिकन पाहत डबा उघडायचा.

वारही पाहा. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार असा असतो, सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी आजूबाजूचे रस्ते अडतात. रविवारी तर राजवाड्याकडे जाणारा द मॉल हा रस्ता वाहनांना बंदच असतो, त्यामुळे बस तिथून जाणार नाही. एप्रिलमधली मॅरेथॉन, जूनमधली राजाच्या वाढदिवसाची संचलनं, नोव्हेंबरमधला स्मृतिदिनाचा रविवार, या दिवशी बसची सहल नकोच.

टॉवर ब्रिजचंही असंच. १८९४ साली सुरू झालेला हा पूल आजही वर्षात आठशेच्या आसपास वेळा उघडतो, आणि उघडताना पहिला मान नदीतल्या जहाजाचा, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात. उघडण्याच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या पाहून ठेवा. मला विचाराल तर वेळ टाळण्याऐवजी साधावी. ३० डिसेंबर १९५२ रोजी ७८ नंबरची डबलडेकर पुलावर असतानाच तिच्या खालचा भाग उचलायला लागला. ड्रायव्हर अल्बर्ट गंटर यांनी वेग वाढवला आणि बस फटीवरून उडवून पलीकडच्या, अजून खालीच असलेल्या भागावर नेली. सगळे वाचले. गंटर यांना दहा पौंडांचं बक्षीस मिळालं. पुलाजवळ उभं राहून हे सांगितलं की मुलं पूल उघडेपर्यंत हलत नाहीत.

चुकीच्या धक्क्यावर उभं राहणं

वेस्टमिन्स्टर पिअर, एम्बँकमेंट पिअर आणि लंडन आय पिअर हे तीन वेगळे धक्के आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिसरा तर नदीच्या पलीकडे. टॉवर पिअर आणि सेंट कॅथरिन्स पिअर यांच्यामध्ये अख्खा टॉवर ब्रिज आहे. तिकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि धक्क्याचं बारीक. तेच बारीक नाव वाचा. एकाच धक्क्यावर दोन-तीन कंपन्यांच्या रांगा असतात, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी पाटी पाहा.

रिव्हर बसला क्रूझ समजणं

थेम्सवर माहिती सांगणारी, संथ चालणारी सहलीची बोट वेगळी आणि नोकरदारांना नेणारी वेगवान रिव्हर बस वेगळी. रिव्हर बसमध्ये कुणी काही सांगत नाही, बहुतेक आसनं बंद काचेआड असतात आणि बाहेर उभं राहायला मागे थोडीशी जागा. घाई असेल, किंवा शहर ओळखीचं असेल, तर ती उत्तम. पहिल्यांदा आलेल्यांना मात्र संथ बोटीतच बसवा.

पैशांचाही फरक आहे. शहराच्या बसमध्ये कार्ड फक्त चढताना टेकवायचं. रिव्हर बसला चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. नदीवरचा प्रवास बस आणि ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, दिवसभराच्या कमाल भाड्यात धरला जात नाही. शहराच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत, आणि एका कार्डावर दोघांनी प्रवास करता येत नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. सकाळी फोन टेकवला असेल तर दिवसभर फोनच टेकवा, कारण यंत्राच्या लेखी फोन आणि कार्ड हे दोन वेगळे प्रवासी असतात.

भरती-ओहोटी न पाहणं

समुद्र इथून लांब आहे, म्हणून पाहुण्यांना हे पटतच नाही. पण शहरातली थेम्स भरती-ओहोटीची नदी आहे. पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं, मुंबईच्या उधाणाच्या भरतीपेक्षाही जास्त. धक्के तरंगते असतात, पाण्याबरोबर वर-खाली होतात, आणि काठावरून त्यांच्यावर उतरणारा पूल ओहोटीला चांगलाच उताराचा होतो. गेटवेच्या पायऱ्यांवर ओहोटीत ज्यांनी बोट गाठली आहे त्यांना लगेच कळेल. आत्याच्या गुडघ्यांसाठी मी भरतीच्या आसपासची बोट निवडते. पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी भरतीच्या वेळा प्रसिद्ध करते, आणि त्या रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात.

चालणारी मंडळी असतील तर उलट ओहोटी घ्या. वाळू-गोट्यांचा तळ उघडा पडतो, जुन्या लाकडी खुंट्या दिसतात. तिथे उतरून जुन्या वस्तू शोधायला मात्र परवाना लागतो.

कुठल्या बाजूला बसायचं हे न ठरवणं

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण सगळी मजा इथेच आहे.

बोट वेस्टमिन्स्टरहून पूर्वेला निघाली की डावीकडे उत्तर किनारा, उजवीकडे दक्षिण. पार्लमेंटची इमारत मात्र मागे राहते, कारण धक्का वेस्टमिन्स्टर ब्रिजच्या अलीकडे आणि पार्लमेंट पलीकडे. फोटोसाठी लोक पुढे धावतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. पहिली पाच मिनिटं बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहा. पार्लमेंटचा नदीकडचा पूर्ण दर्शनी भाग हवा असेल तर आदल्या संध्याकाळी पूल ओलांडून सेंट थॉमस हॉस्पिटलसमोरच्या कठड्याशी जा.

मग डावीकडे सरका. एम्बँकमेंटच्या दगडी भिंतीवर सिंहांची तोंडं आहेत, तोंडात बोटी बांधायच्या कड्या. सिंह पाणी प्यायला लागले की लंडन बुडणार, अशी इथली म्हण आहे. ही भिंत उभी राहिली ती दुर्गंधीमुळे. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीतल्या मैल्याचा इतका वास सुटला की पार्लमेंटचं काम अडलं, आणि जोसेफ बॅझलगेट यांनी बांधलेलं मोठं गटार आज याच बंधाऱ्याच्या पोटात आहे. पुढे इजिप्तहून आणून १८७८ साली उभारलेला क्लिओपात्राचा खांब येतो. वॉटर्लू ब्रिज साधा दिसतो म्हणून कुणी पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बांधायला असंख्य बायका राबल्या, म्हणून त्याला बायकांचा पूल म्हणतात. त्याची रचना करणारे गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच पुढे उजवीकडे दिसणारं बँकसाइडचं वीजघर, आजचं टेट मॉडर्न, आणि रस्त्यावरचा लाल टेलिफोन बूथही घडवला.

लंडन ब्रिज आला की पाहुणे विचारतात, "एवढाच?" त्यांच्या मनातला तो टॉवर ब्रिज, पुढचा. १८३१ चा जुना लंडन ब्रिज १९६८ साली विकला गेला आणि आता अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे.

टॉवर ब्रिजनंतर निम्मी बोट फोनमध्ये डोकं घालते. असं करू नका. पुढे वॉपिंग आणि लाइमहाउसच्या जुन्या वखारी आहेत, आणि कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे आहेत ते १८०२ साली उघडलेल्या वेस्ट इंडिया गोदीच्या जागी. रत्नागिरीकडचे खलाशी इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर राबत लंडनच्या गोद्यांपर्यंत येत. आमच्या कोकणातल्या एका पाहुण्यांनी हे ऐकलं आणि ग्रिनिच येईपर्यंत ते कठड्यापासून हलले नाहीत.

परतीलाही तीच बोट

ग्रिनिचला साधारण तासाभरात पोचता. तिथे कटी सार्क हे १८६९ चं चहाचं जहाज, टेकडीवरची वेधशाळा, शून्य रेखांशाची रेषा, खाली बाजार. किमान तीन तास हवेत. येता-जाता बोटच घेतली तर दिवस तिथेच संपतो आणि थकलेली मुलं दुसऱ्या फेरीत झोपतात. परत येताना डीएलआर या शहरी रेल्वेने या. आधी नदीखालून जाणाऱ्या १९०२ च्या पादचारी बोगद्यातून पलीकडे आयलंड गार्डन्सला गेलात तर ग्रिनिचचा सगळ्यांत सुंदर देखावा तिथून दिसतो, आणि गाडी तिथेही मिळते.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर याच दिवसात बसवायचा आग्रह अनेकजण धरतात. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली घेतलं. ते उत्तर लंडनमध्ये, या वाटेपासून दूर आहे. त्याला वेगळी सकाळ द्या, उघडण्याच्या वेळा पाहून जा आणि घाईत पाहू नका.

तरी काही बिघडलंच तर

बोट चुकली: खिडकीवर जाऊन तिकीट दाखवा आणि पुढच्या फेरीत घ्याल का असं सरळ विचारा. ठरावीक वेळेचं तिकीट नसेल तर बहुधा घेतात.

बस गर्दीत अडकली आणि बोटीची वेळ जवळ आली: कंडक्टरला सांगून थांब्यावर उतरा आणि ट्यूबने वेस्टमिन्स्टर गाठा. बसून राहिलात तर दोन्ही जातील.

पाऊस आला: बोटीत खाली काचेआड बसा, पण खिडकीची जागा धरा. जुलैतही नदीवर वारा बोचरा असतो, तेव्हा स्वेटर पिशवीत हवाच.

डिसेंबरात आलात: चारच्या आधी सूर्य मावळतो. क्रम उलटा करा, सकाळी बोट आणि संध्याकाळी बस. रीजंट स्ट्रीटवरची नाताळची रोषणाई राउटमास्टरच्या वरच्या पुढच्या सीटवरून पाहायची असते, आणि ती सीट हवी तर गाडी सुटण्याआधी वीस मिनिटं रांगेत उभे राहा.