गुडमारचं सुकं सत्त्व: आधी पाणी तपासा

गुडमार, म्हणजे बेडकीचा पाला, मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या वेलीची पानं, काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेला मिळतो. त्याचा काढा आटवून, वाळवून केलेली पूड म्हणजे सुकं सत्त्व. पोत्यात दुसऱ्या वेलीची पानं मिसळलेली असू शकतात, म्हणून एक पान मिनिटभर चघळून थुंका आणि तोंडात साखर टाका. वाळूसारखी लागली तर माल खरा. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोडाची जाणीव काही वेळ बंद पाडतात.

ओला पाला असेल तर सावलीत, वारं खेळेल अशा जागी जुन्या सुती धोतरावर विरळ पसरा. (सोलापुरी चादर नको, जाड असते, खालून ओल धरते.) मे महिन्यात गच्चीवर टाकायचा मोह होतो, पण उन्हात पानं पिवळी पडतात. देठ कडकन मोडला की भरड कुटा. बारीक पूड केली तर गाळताना फडकं बुजतं.

1 किलो भरड, 8 लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, रात्रभर भिजत. इथे बोअरचं पाणी घेऊ नका. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 1,000 असेल तर लिटरमागे 1 ग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात. दोन काढ्यांचं (हे 8 आणि पुढचे 6) मिळून 14 लिटर पाणी आटवलं आणि हाती 200 ग्रॅम सत्त्व आलं, तर त्यात 7 टक्क्यांपर्यंत नुसते पाण्याचे क्षार! राखेच्या तपासणीत (नमुना जाळून उरलेली राख मोजतात) माल इथेच मार खातो. आरओचं पाणी वापरा.

सकाळी मंद आचेवर 2 तास उकळा. पाल्यातल्या सॅपोनिनमुळे साबणासारखा फेस चढतो, म्हणून पातेलं निम्मंच भरा, झाकण ठेवू नका. गाळून चोथ्यात 6 लिटर पाणी घाला, पुन्हा दीड तास. दोन्ही काढे निवळू द्या, वरचं घेऊन आटवा. पाकासारखं चिकट झालं की पातेलं थेट आचेवरून उतरवून उकळत्या पाण्यावर ठेवा. तळाला लागलं तर जळका वास कशानेच जात नाही, अख्खा घाणा वाया.

ट्रेमध्ये 2-3 मिलिमीटर थर, ड्रायर 50 ते 60 अंशांवर. थर जाड झाला तर वर साय धरते, आत चिकटच राहतं. 10 ग्रॅम नमुना 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा. घट अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त आली तर माल परत ड्रायरमध्ये. पूर्ण गार झाल्यावरच कुटून हवाबंद बरणीत भरा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पूड बघता बघता ढेकूळ होते.

बरणीवर प्रमाण लिहा: 1 किलोतून 200 ग्रॅम निघालं तर 5:1. त्याशिवाय वैद्य मात्रा ठरवू शकत नाहीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असलेल्यांची साखर यामुळे एकदम उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सत्त्व सुरू करू नये, चालू गोळ्याही थांबवू नयेत. विकायचं असेल तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, आणि ‘मधुमेह बरा होतो’ अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे.