दिवसभर पुरेल असं एक स्तोत्र

प्रार्थनेची सवय मोडते ती बहुतेक वेळा शब्द संपल्यामुळे. पहिल्या आठवड्यात माणूस अर्धा तास गुडघ्यावर असतो. तिसऱ्या आठवड्यात "प्रभू, आशीर्वाद दे, सांभाळ, आमेन" एवढंच उरतं, आणि मग तेही राहून जातं. अशा वेळी स्वतःचे शब्द शोधत बसू नये, उसने घ्यावेत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं याचसाठी आहेत. प्रभू येशूनेही वधस्तंभावर हेच केलं. "माझ्या देवा, माझ्या देवा" हा त्याचा आक्रोश 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवताना त्याने 31व्या स्तोत्राचे शब्द वापरले.

सकाळी 15 मिनिटं पुरतात. पहिल्याच दिवशी तास ठरवू नका, 10 दिवसांत तो पेलवेनासा होतो. जागा एकच ठेवा: खिडकीजवळची खुर्ची, पलंगाची कड, स्वयंपाकघरातला पाट, काहीही चालेल. रात्री झोपताना बायबल त्या जागी त्याच पानावर उघडून ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण अर्धवट झोपेत "आज काय वाचू?" हा प्रश्न पडला की हात फोनकडे जातो. गजरासाठी फोन वापरत असाल तर साधं घड्याळ आणा. गजर बंद करायला उचललेला फोन मेसेज वाचूनच खाली ठेवला जातो, आणि तेवढ्यात मन घराबाहेर गेलेलं असतं. वाचायलाही छापील प्रत बरी.

भाषांतर तुम्हाला कळणारं घ्या. जुन्या भाषांतराची गोडी ज्यांच्या कानात लहानपणापासून आहे त्यांनी ते सोडू नये, पण प्रत्येक ओळीला अडखळायला होत असेल तर सोपं भाषांतर वापरण्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करण्यात घालवली, ती साध्या बायाबापड्यांना शास्त्र समजावं म्हणूनच.

कोणतं स्तोत्र घ्यायचं ते तारखेवरून ठरवा. आजची तारीख घ्या आणि तिच्यात 30 मिळवत जा. आज 12 तारीख असेल तर 12, 42, 72, 102 आणि 132 ही पाच स्तोत्रं समोर येतात. पाचांच्या पहिल्या दोन-तीन ओळी चाळा आणि मनाला लागेल ते एक निवडा. 42व्यात पाण्यासाठी धापा टाकणारं हरिण आहे, 102वं गांजलेल्या माणसाची प्रार्थना आहे. रोज पाचही वाचली तर महिन्यात सगळी होतात, पण नोकरी-संसार असलेल्याने एकच घ्यावं असं आमचं मत आहे. घाईने वाचलेली पाच स्तोत्रं दुपारपर्यंत आठवत नाहीत.

निवडलेलं स्तोत्र तीनदा वाचा, आणि ओठ हलवून वाचा. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तिथल्या हिब्रू शब्दात पुटपुटण्याचा अर्थ आहे. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की मन उद्याच्या हिशेबात शिरतं. पहिलं वाचन सरळ. दुसऱ्या वेळी ओळीच्या मध्यावर एक श्वास थांबा. हिब्रू काव्यात ओळीचा दुसरा भाग बहुधा पहिल्याच विचाराला पुढे नेतो किंवा उलटून सांगतो, आणि मधला श्वास घेतला की ते ऐकू येतं. "सेला" आलं की तिथेही थांबा, कारण ती गायन-वादनातल्या विरामाची खूण असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

तिसरं वाचन म्हणजेच प्रार्थना. आता प्रत्येक ओळ देवाला उद्देशून म्हणा आणि तिच्यात आजचा दिवस घाला. हे कसं करायचं ते 23वं स्तोत्र स्वतःच शिकवतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" अशी सुरुवात होते आणि तीन वचनं (म्हणजे क्रमांक घातलेल्या ओळी) देवाविषयी बोलतात. चौथ्या वचनात मृत्युछायेची दरी येते आणि तिथून बोलणाराच देवाला "तू" म्हणू लागतो. तुम्हीही तसंच करा: "प्रभू, तू माझा मेंढपाळ आहेस. मुलाची फी 10 तारखेपर्यंत भरायची आहे, ती तुझ्यापुढे ठेवते." माणसांची नावं घ्या, रक्कम सांगा, डॉक्टरांची वेळ सांगा. गोलमोल प्रार्थनेचं उत्तर आलं तरी ओळखता येत नाही.

उठण्याआधी एकच ओळ चिठ्ठीवर लिहून खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. सात-आठ शब्दांपेक्षा मोठी नको. 55व्या स्तोत्रात संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी धावा करण्याबद्दल म्हटलंय. त्या वेळा रोजच्या कामाला बांधून टाका. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत ती ओळ घोळवा. डबा उघडताना आभाराच्या प्रार्थनेला ती जोडा. लोकलमध्ये दांडी धरून उभं असताना डोळे मिटायची गरज नाही, ओळ श्वासावर म्हणा: अर्धी आत घेताना, अर्धी सोडताना. "आठवेल तेव्हा म्हणेन" असं ठरवलं तर आठवत नाही, म्हणून कामाशी बांधायचं.

रात्री पाच मिनिटं. चौथं स्तोत्र आठच वचनांचं आहे आणि त्यात अंथरुणावर पडून आपल्या मनाशी बोलायला आणि शांत राहायला सांगितलंय. तीन गोष्टी पाहा: आज देवाने काय दिलं, कोणाला दुखावलं, उद्या कोणाला फोन करून क्षमा मागायची. तिसरी टाळली जाते, म्हणून ते नाव चिठ्ठीच्या मागे लिहा.

आता अडचणी. मन कोरडं असताना स्तुतीचं स्तोत्र तोंडात येत नाही, आणि ओढूनताणून म्हटलं तर ढोंग वाटतं. तेव्हा 13वं घ्या. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो, आणि सहाव्या वचनात तोच माणूस गातो. तेवढीही उभारी नसेल तर 88वं आहे. ते अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात आहे, तेव्हा अंधारात म्हटलेली प्रार्थनाही देव ऐकतो असं समजून ते निःसंकोच म्हणावं.

शत्रूला शाप देणारी स्तोत्रं आली की अनेकजण पान उलटतात. 139वं पाहा: 19व्या वचनापासून राग उसळतो, आणि 23व्या वचनात तोच माणूस "माझंच हृदय तपास" म्हणतो. राग देवापुढे ओतायचा आणि तिथेच थांबून स्वतःला त्याच्यापुढे उघडं करायचं, हा क्रम पाळा.

दोन दिवस चुकले तर मागचं भरून काढायला बसू नका. थकबाकी वाढली की माणूस बायबल उघडायलाच घाबरतो. आजच्या तारखेपासून सुरू करा.

घरात मुलं असतील तर संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला 117वं घ्या, दोनच वचनं आहेत. 131, 133 आणि 134 तीन-तीन वचनांची आहेत. देवनागरी सरसर वाचता न येणाऱ्या मुलांना एक ओळ ऐकवून म्हणून घ्या. शेवटी भजनाचं एक कडवं. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी (1861–1919) आपल्या मंडळीला अभंगाच्या वळणाची भजनं दिली, ती मुलांच्या तोंडी पटकन बसतात. सगळं मिळून 10 मिनिटं. घरातले बाकीचे विश्वासात नसतील तर मोठ्याने म्हणण्याचा हट्ट धरू नये, हलक्या आवाजात पुटपुटलेलंही पुरतं.

तारखेच्या हिशेबाने 119वं स्तोत्र 29 तारखेला येतं. त्यात 176 वचनं आहेत, एका बैठकीत नको. आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत, हिब्रू वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला एक. 29 तारखेला बाकीच्या चारांतून निवडा आणि वर्षातून एकदा, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) किंवा आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या आठवड्यांच्या) आधी, सलग 22 दिवस याचं रोज एक कडवं घ्या.