लाइनवर पहिल्यांदा बायका घेताय? आधी ही कामं उरका

चाकण-भोसरीकडच्या छोट्या असेंब्ली (सुटे भाग जोडण्याच्या) युनिटमध्ये बहुतेकदा उलटं होतं: आधी भरती, मग स्वच्छतागृहाची धावाधाव. भरतीच्या महिनाभर आधी मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन लाइनवर फिरा.

उभ्याने करायच्या हलक्या असेंब्लीसाठी टेबल कोपरापासून साधारण 10 सें.मी. खाली हवं. पुरुषांच्या मापाने बसवलेल्या टेबलावर बाईचे खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि मानदुखीच्या रजा सुरू होतात. टेबल कापू नका, दुसऱ्या पाळीत उंच माणूस येणारच. पायाखाली 10-15 सें.मी.चा, न डुगडुगणारा चेकर्ड प्लेटचा (खडबडीत नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा) पाट ठेवा. 20 किलोचा क्रेट अर्धाच भरा (पुरुषांच्या कंबरेलाही ते मानवतं). हवेच्या दाबावर चालणारी स्क्रू-गन स्प्रिंग बॅलन्सरला (वरून तिचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगला) टांगा.

हातमोजे सरसकट 9-10 नंबरचे येतात. 7 आणि 8 सुद्धा मागवा. ढिल्या मोज्यात स्क्रू धरता येत नाही, मग मोजे काढून काम होतं आणि बोटं कापतात. ड्रिलिंग मशीनवर मात्र कुणीच मोजे घालायचे नाहीत, ते स्पिंडलला (फिरत्या दांड्याला) गुंडाळले जातात. ओढणी आणि मोकळी वेणी यांचंही तेच. मंगळसूत्रावरून वाद नको; गळाबंद कोट आणि टोपी द्या.

25 बायकांमागे किमान एक शौचालय हवं, हे बहुतेकांना माहीत असतं. अंतराचा विचार कुणी करत नाही. ते स्टोअरमागे टोकाला असेल तर बायका पाणी पिणं कमी करतात आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने घरी बसतात. आतून कडी, दिवा, पाणी, पॅड टाकायला झाकणाचा डबा बघून घ्या. शिवाय लाइनवर एक रिलीव्हर (थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली कामगार) ठेवाच, नाहीतर कन्व्हेयर चालू असताना जागा सोडणार कशी?

एकेकटीला घेऊ नका. बचत गटामार्फत एकाच वस्तीतल्या पाच-सहा जणी घ्या, बस तिथपर्यंत न्या, आणि रुजू होण्याआधी घरच्यांना, सासूबाईंसकट, कारखाना दाखवा. सकाळी सातची पाळी पाणी, डबे आणि शाळेच्या आड येते. नऊची जनरल शिफ्ट टिकते. संध्याकाळी 7 नंतर काम द्यायचं तर तिची लेखी संमती आणि घरापर्यंत गाडी हवी.

कंत्राटी धरून 10 कर्मचारी झाले की कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. मालकाच्या पत्नीचं नाव टाकून कागद रंगवला, तर तक्रारींऐवजी राजीनामे येतात. 50 कर्मचाऱ्यांपासून पाळणाघरही बंधनकारक आहे.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती ग्रेडवर. बाई ‘हेल्पर’ म्हणून लागते आणि हेल्परच राहते. तिच्याबरोबर लागलेला मुलगा वर्षात ऑपरेटर होतो, कारण मशीन सेटिंग सुपरवायझर त्यालाच शिकवतो. स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम येतं याचा तक्ता) भिंतीवर लावा, दर सहा महिन्यांनी सगळ्यांची चाचणी घ्या आणि पास झालेल्याचा ग्रेड पुढच्याच पगारात बदला. सेटिंग शिकवण्याची पाळीही नावानिशी लिहून ठेवा. सुपरवायझरच्या मर्जीवर सोडू नका.